बांबूच्या रस्त्याने दत्तूकडे

चांद्याला जाऊन आलो असं सांगितलं की आमच्या संगमेश्वराकडची माणसं पहिला प्रश्न विचारतात, "ते कुठे आलं?" हाच प्रश्न मी स्वतः चार वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाला विचारला होता. दत्तू तेव्हा कोळशाच्या खाणीत वायरमन म्हणून लागला होता. त्यानं पोस्टकार्डावर लिहिलं, "नागपूरच्याही खाली. नकाशात बघ."

गेल्या पौषात मी तिथे गेलो. नागपूर, चांदा हे जिल्हे नुकतेच मुंबई राज्यात आले होते, म्हणजे आता ते आणि आम्ही एकाच राज्यातले. तरी घरून निघून बल्लारपूरला उतरेपर्यंत चौथा दिवस उजाडला. त्या चार दिवसांत डोळ्यांत कोळशाचा कण जाण्याखेरीज काही घडलं नाही.

मी हौसेनं गेलो नव्हतो. श्रावणात आमची आई गेली. मी खाणीच्या पत्त्यावर तार केली, ती "माणूस इथे नाही" म्हणून परत आली. पाठोपाठ टाकलेलं पत्रही परत आलं. मग आठवलं, दत्तूनं मधे एकदा कागदाच्या कारखान्यात लागल्याचं लिहिलं होतं. तिसरं पत्र मी कारखान्याच्या पत्त्यावर घातलं. ते परत आलं नाही, पण त्याचं उत्तरही आलं नाही. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं. माझी बायको सहा वर्षांपूर्वीच गेली, मूलबाळ नाही. आईमागे घरात मी एकटा उरलो. शाळेतून आलो की आपणच कडी काढायची, आपणच दिवा लावायचा. शेवटी हेडमास्तरांकडून पंधरा दिवसांची रजा घेतली. आई गेल्याचं दत्तूला तोंडानं सांगायचं आणि त्याला घरी घेऊन यायचं, असं मनाशी ठरवून निघालो.

बल्लारपूर

गाडीतून उतरताच पहिल्यांदा वास येतो. कच्चा बांबू शिजत असल्याचा, थोडा आंबूस, थोडा चुन्यासारखा. कारखान्याच्या आवारात बांबूच्या गंजी रचलेल्या असतात, आमच्याकडे भाताच्या उडव्या रचतात तशा. पण एकेक गंजी आमच्या देवळाहून उंच. पलीकडे वर्धा नदी, तिच्या काठाला गोंड राजांच्या किल्ल्याचा काळा तट, आणि त्या तटाला पाठ लावून नव्या चाळी.

या चाळींतून मी दिवसभर दत्तूला शोधत फिरलो. एका ओळीत खाणीत उतरणारे तेलुगू लोक, दारात तांदळाच्या पिठाची रांगोळी. दुसऱ्या ओळीत छत्तीसगडचे माती वाहणारे, त्यांच्या बायकांच्या पायांत जाड कडी. फाटकावर उत्तरेकडचा भय्या, लाकडाच्या गिरणीवर कच्छी शेठ, कचेरीत टंकलेखन करणारा मलबारी. चांद्याकडचा माणूसही भेटे, पण तो बहुधा भाजी विकायला आलेला किंवा बैलगाडी हाकणारा असे. एका भाजीवाल्याला मी विचारलं, "तुम्ही नाही का लागलात कारखान्यात?" तो म्हणाला, "धान कापाले कोण जाईन मंग? हे लोक आले तं भाजी खपून राह्यली, हेच बेस हाये."

मी कोकणातला. आमच्या गावातून माणसं जाताना मी जन्मभर पाहिली आहेत. मृगाआधी येतात, गणपतीला येतात, पुन्हा जातात. घरोघर म्हातारी आणि सुना राहतात. गेलेली माणसं जिथे पोचतात ते टोक मात्र मी कधी पाहिलं नव्हतं. कुणाच्या तरी ओस पडलेल्या गावांवर हे नवं गाव उभं राहत होतं. भोंगा झाला की रस्ता माणसांनी भरून जाई, पाच भाषा एकदम कानावर पडत. आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक माणूस आपापल्या घरापासून दूर होता. एवढ्या गर्दीत मला इतकं एकटं का वाटत होतं, ते त्या संध्याकाळी थोडं कळलं.

कारखान्यातल्या कारकुनानं सांगितलं, "वायरमन दत्तू? तो जंगलात गेला. बांबूच्या रस्त्याच्या कामावर मुकादम आहे. आतला बांबू कारखान्यात आणायचा रस्ता. लक्ष्मम्माच्या खाणावळीत विचारा."

खाणावळ म्हणजे कुडाच्या भिंतीची एक लांब खोली. लक्ष्मम्मा पन्नाशीची, काळीसावळी, कपाळावर कुंकू नाही. तिचा नवरा करीमनगरकडून खाणीत आला होता आणि छातीच्या आजारानं गेला, हे मला नंतर कळलं. मी दत्तूचं नाव काढताच ती हातातली पळी खाली ठेवून माझ्याकडे पाहत राहिली.

"तुम दत्तूका बडा भाई? मास्टर?"

"हो."

"बसा. पहले खा, फिर बात."

तिनं पत्रावळीवर भात वाढला, त्यावर चिंचेचं पातळ सार, बाजूला तिखटजाळ लोणचं. चार दिवसांनी भात खात होतो. तो आमच्या भातासारखाच मऊ होता.

"क्या काम है दत्तूसे?" तिनं विचारलं.

"घरचं काम आहे," मी म्हणालो. आईची बातमी आधी दत्तूला सांगायची, मग इतरांना.

तिनं हात पदराला पुसले. मग आत जाऊन लोणच्याची एक बरणी घेऊन आली, तोंडाला फडकं बांधलेली. "राजम्माको देना. मेरी बेटी. दत्तूकी घरवाली."

माझ्या भावाचं लग्न झालं आहे हे मला असं कळलं, हातात लोणच्याची बरणी असताना.

आष्टीचा घाट

दुसऱ्या दिवशी सकाळी बस निघाली ती कोठारी, गोंडपिंपरी करत दुपारी वैनगंगेच्या काठी थांबली. नदीवर पूल नव्हता. प्रवाशांनी डोंग्यातून पलीकडे जायचं आणि तिकडे मिळेल ते वाहन पकडायचं. पात्र एवढं रुंद की पलीकडची माणसं कोंबड्यांएवढी दिसत. डोंगा हलला तशी मी बरणी छातीशी धरली, आणि तेवढ्यात तिचं फडकं सुटून लाल तेल माझ्या एकुलत्या एका कोटावर सांडलं. समोरची एक बाई पदर तोंडाला लावून हसली. मीही हसलो. घरून निघाल्यापासून पहिल्यांदा.

पलीकडे बांबूचा रिकामा ट्रक आलापल्लीकडे परत चालला होता. ड्रायव्हर सरदारजी होता, गुरबचन नावाचा. त्यानं मला शेजारी बसवून घेतलं. कोटाचा वास घेऊन म्हणाला, "मास्टरजी, तुमच्यासोबत रोटी असती तर जेवण झालं असतं." नऊ वर्षं महाराष्ट्राच्या कडेकडेनं ट्रक चालवून त्याला मराठी येत होती.

"तुम्ही कुठले?"

"लायलपूरजवळचा. ते आता दुसऱ्या मुलखात आहे."

"परत जावंसं वाटत नाही?"

त्यानं गियर बदलला. "तुमचं गाव जिथं होतं तिथंच आहे ना? मग तुम्हाला हे विचारता येतं."

मी बाहेर पाहू लागलो. दोन्ही बाजूंना साग. आमच्याकडे डोंगर चढला की समुद्र दिसतो, कुठेतरी कडा येते. इथे जंगलाला कडा नाही. मैलामागून मैल तीच झाडं, मोठी वाळकी पानं, मधेच एखादं वारुळ, पुन्हा झाडं. तासाभरात एक माणूस दिसला, खांद्यावर कुऱ्हाड घेतलेला. ट्रक गेल्यावर तो धुळीत उभा राहून आमच्याकडे पाहत होता.

आलापल्लीच्या पुढे

आलापल्लीच्या सागवानाच्या डेपोपासून आत जाणारा रस्ता म्हणजे नुसता मुरूम टाकलेली वाट. तीच दत्तूची वाट. संध्याकाळच्या आत आम्ही एका नाल्यापाशी पोचलो. तिथे बांबूच्या तट्ट्यांच्या वीस-पंचवीस झोपड्या होत्या. छत्तीसगडचे मजूर दगड वाहत होते. नाल्यात उभा राहून एक माणूस त्यांना ओरडून सांगत होता, "अरे, तिकडे काऊन टाकून राह्यले? इकडे टाका!"

तो माझा भाऊ होता. मला त्याची पाठ ओळखू आली, भाषा ओळखू आली नाही.

त्यानं मला पाहिलं, पाण्यातून वर आला आणि ओल्या हातांनीच वाकून नमस्कार केला. "दादा, तू कसा काय येऊन राह्यला?" मग जीभ चावून म्हणाला, "कसा आलास?"

मी वाटभर वाक्य जुळवत आलो होतो. ते सगळं विसरलो. "दत्तू, आई गेली," एवढंच म्हणालो.

त्यानं मान खाली घातली. "मला माहीत आहे, दादा."

तिसरं पत्र त्याला मिळालं होतं. पावसाळ्यात चार महिने इकडे वाट बंद असते. नाला भरला की पलीकडचं जग संपतं. टपाल आलापल्लीला पडून राहतं. कार्तिकात पहिली बैलगाडी आत आली, तिच्यातून ते पत्र आलं. तेरावं उलटून तीन महिने झाले होते.

"मग मला एक ओळ लिहिली का नाहीस?"

"काय लिहू? लिहिलं असतं तर तू म्हणाला असतास, ये, घर उघडं पडलंय. मग मला नाही म्हणावं लागलं असतं. ते कागदावर लिहायला हात होईना."

"आणि लग्न?"

तो ओले हात अंगाला पुसत राहिला.

मला राग आला, पण रागापेक्षा दुसरंच काही जास्त होतं. पौषातल्या थंडीत, आगगाडीत, डोंग्यात मी ती बातमी जपत आलो होतो. दत्तूला ती ठाऊक होती. लक्ष्मम्मालाही ठाऊक असणार, म्हणून ती तशी पाहत राहिली होती. ती बातमी कुणासाठीच नवी उरली नव्हती. मी एका दगडावर जाऊन बसलो.

थोड्या वेळानं राजम्मा आली. वीस-बावीसची, आईसारखीच सावळी. तिनं पितळेच्या पेल्यात चहा आणला होता. "बावगारू," ती म्हणाली आणि पेला पुढे केला. दत्तू लांबूनच म्हणाला, "त्यांच्यात थोरल्या दिराला तसं म्हणतात." मी बरणी तिच्या हातात दिली. तेल सांडून अर्धी झालेली ती बरणी तिनं पदरानं पुसली आणि पोटाशी धरून तशीच उभी राहिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिला दिवस गेले आहेत.

सकाळी दत्तू मला शेजारच्या माडिया गोंडांच्या गावात घेऊन गेला. दहा-बारा घरं, अंगणं शेणानं सारवलेली, कुठे कागदाचा कपटा नाही. गावचा म्हातारा लालसू. अंगावर एक पंचा, डोक्याला फडकं. त्यानं आंबील दिली, द्रोणातून. आंबट, पातळ, थंडगार. आमच्याकडे आंबील म्हटली की त्यात ताक असतं; इथे नुसतं धान्य आणि पाणी, तरी पोटाला बरं वाटलं.

"हा तुमचा भाऊ," लालसू मला म्हणाला. त्याची मराठी झाडीपट्टीची होती, मधेमधे गोंडी शब्द. "कार्तिकात दोन दिस जेवला नाई. कामावर आला नाई. मी इचारलं, काऊन बसला असा? तं म्हणे माय मेली. म्या म्हणलं, दगड केला का? तं म्हणे दगड काय असते?"

"दगड?"

"आमच्यात माणूस मेला का दगड उभा कराव लागते. नाई तं जीव फिरत राह्यते. त्याले बसाले जागा पाहिजे ना."

तो मला गावाबाहेर घेऊन गेला. मोहाच्या झाडांखाली उभे दगड होते, लहानमोठे, कुणी कललेले, कुणावर शेवाळ. शेवटचा दगड नवा होता, कमरेएवढा, अजून पायाशी माती भुसभुशीत. दत्तूनं आणि छत्तीसगडच्या चौघांनी तो नाल्यातून ओढून आणला होता. गावानं बसून विचार केला होता, बाहेरच्या बाईचा दगड आपल्यात ठेवायचा का. दोन दिवस बोलणं चाललं. शेवटी लालसू म्हणाला होता, पोरगा इथे राहते, तर माय पण राहील.

आमची आई देवरुखाच्या पलीकडे कधी गेली नव्हती. मी त्या दगडासमोर चप्पल काढून उभा राहिलो. घरी मी सगळं केलं होतं. दहावं, बारावं, तेरावं, ब्राह्मण जेवू घातले. तिथे माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं. इथे आलं. लालसू दुसरीकडे तोंड करून तंबाखू चोळत राहिला.

परतताना मी त्याला विचारलं, "हा रस्ता झाला तर तुम्हाला बरं का?"

"बरं बी आन् वाईट बी. मागच्या पाण्यात माही सून बाळंतपणात गेली. नाला भरला होता, कुठी नेणार? रस्ता झाला का नेता येईन. पण बांबू चालला ना, मास्तर. घराले बांबू लागते, टोपलीले लागते, कोवळा कोंब खाले लागते. कागद घराले लागत नाई, पोटाले लागत नाई."

"मग तुमची माणसं कामाला का जात नाहीत? मजुरी तरी तुमच्या घरात येईल."

"जातो ना. पण आमचा पंडुम आला, सण आला, का आमी चार दिस नाई जात. ठेकेदार म्हणते, हे लोक कामाचे नाई. मंग रायपूरकडून लोक आणते. ते बिचारे रोज जातात. त्यांचे सण त्यांच्या गावाले राह्यले."

दत्तूकडे पाहून तो हसला. "याचे बी राह्यले. पण आता याची माय इथी आहे. हा आमचाच."

त्या बोलण्यावर दत्तूचा चेहरा मी पाहिला. आमच्या घरात तो धाकटा होता. जमिनीच्या तुकड्यावर मी, चूल आईची, गावात नाव वडिलांचं. त्याला कुणी आपलं म्हणावं अशी जागाच त्याच्यासाठी शिल्लक नव्हती. इथे चार मुलखांतली माणसं त्याचं ऐकून दगड उचलत होती.

मी तिथे पाच दिवस राहिलो. दत्तूचं सगळं लक्ष नाल्यावरच्या पुलावर होतं. राजम्माचं बाळंतपण आषाढात, त्याच्या आत पूल उभा झाला पाहिजे, असा त्याचा हट्ट. दिवसभर मजुरांबरोबर पाण्यात, संध्याकाळी वायरमनचे हात दगडांनी सोललेले. (पूल झाला, आणि आषाढातल्या पहिल्याच पुरात त्याचा मधला भाग वाहून गेला. कळा लागल्यावर राजम्माला बाजेवर घालून, पाणी छातीएवढं असताना, लालसूच्या गावच्या आणि छत्तीसगडच्या आठ माणसांनी नाला पार केला. पलीकडे गुरबचनचा ट्रक उभा होता. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. दत्तूनं हे सगळं पत्रात लिहिलं. पूल पुन्हा बांधायला घेतला, हेही.)

निघण्याच्या आदल्या दिवशी राजम्मानं भात वाढताना मला विचारलं, "बावगारू, तुम इधर रहो ना. मजुरांची पोरं आहेत, गावची पोरं आहेत. शाळा नाही. मास्टर पाहिजे."

दत्तू जेवता जेवता थांबला. त्यानं मान वर केली नाही, पण तो ऐकत होता.

 खरं सांगायचं तर त्या क्षणी मला सगळं दिसलं. तट्ट्याची एक झोपडी, तिच्यात तेलुगू, छत्तीसगडी, माडिया मुलं, आणि त्यांना पहिली ओळ कोणत्या भाषेत शिकवायची या विचारात मी. घरी कोण वाट पाहत होतं? हेडमास्तर, आणि वाडीतला एक कुत्रा.

"नाही जमायचं," मी म्हणालो. "शाळा आहे. घर आहे. कुणीतरी तिथे असायला हवं."

हे मी का म्हणालो ते अजूनही मला नीट सांगता येत नाही. दत्तूला नाही म्हणणं कागदावर जमलं नाही, मला ते तोंडावर सहज जमलं. तो एवढंच म्हणाला, "बरं, दादा." आणि पुन्हा जेवू लागला.

परत

निघताना दत्तू नाल्यापर्यंत आला. पलीकडे येणार होता, पण मजूर हाका मारत होते. त्यानं पाया पडून माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग काठावर कुणाचा तरी दगड घसरला, तो ओरडत तिकडे पळाला. ट्रक सुटला तेव्हा त्याची पाठ माझ्याकडे होती.

बल्लारपूरला दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. मद्रासकडून येणारी गाडी उशिरा होती. ती आली तेव्हा आमच्या डब्याच्या दारातून माणसं उतरू लागली ती संपेनात. डोक्यावर गाठोडी, पितळेची भांडी, काखेत मुलं, एका बाईच्या हातात बांधलेली कोंबडी. सगळे एकाच गावचे असावेत, एकमेकांना हाका मारत होते. मी बाजूला उभा राहिलो. शेवटी एक म्हातारी उतरली. तिनं फलाटावर इकडेतिकडे पाहिलं, आणि सगळ्या गर्दीत मलाच गाठून तेलुगूत काहीतरी विचारलं. मला एकच शब्द कळला, कागद.

मी हातानं वाट दाखवली. फाटकातून बाहेर, डावीकडे, किल्ल्याच्या तटाकडे. लक्ष्मम्माचं नाव सांगितलं. तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं, मला हात जोडले आणि आपल्या माणसांच्या मागे निघून गेली. तिला मी तिथलाच वाटलो होतो.

डबा रिकामा झाला होता. फरशीवर शेंगांची टरफलं पडली होती. मी खिडकीशी बसलो. बाक अजून त्यांच्या अंगाच्या उबेनं गरम होतं. वर्ध्यापर्यंत त्या बाकावर दुसरं कुणी आलं नाही.